दारात रोलर उभा आहे, अंगणात डांबर घालू का?

सांगलीत मिरज रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. घर सासऱ्यांनी बांधलेलं. फाटकापासून मागच्या शेडपर्यंत साठ फूट लांब आणि बारा फूट रुंद वाट, शेजारी मोकळं अंगण, कडेला मोठा कडुलिंब. तळमजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका आहे. त्यामुळं चाळीसएक दुचाक्या दिवसभर अंगणात असतात, घरच्या दोन मोटारी वेगळ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा होतो. गेल्या श्रावणात सासरे तिथंच घसरले आणि मनगट मोडलं. सध्या समोरच्या रस्त्याचं डांबरीकरण चालू आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "डंपरमध्ये माल उरतोच. मिरगाच्या आत एका दिवसात अंगण करून देतो, रोख द्या, निम्म्यात होईल." यजमान तयार आहेत. सासरे म्हणतात, डांबरानं लिंब जळेल. पुण्याचे दीर म्हणतात, पेव्हर ब्लॉक घाला. आठ दिवसांत उत्तर द्यायचंय. "पावसाळ्यात मी दिवसातून चार वेळा फरशी पुसते, आता काहीही करा पण हा राडा थांबू दे. तिघांपैकी बरोबर कोण, तेवढं सांगा," असं त्यांनी लिहिलंय.

ताई,

तुमच्या पत्रात तिघांची मतं सविस्तर आहेत आणि तुमचं मत शेवटच्या एका ओळीत आहे. पण खरी मागणी त्याच ओळीत आहे. तुम्हाला राडा नकोय आणि घरातलं माणूस पुन्हा पडायला नकोय. डांबर, ब्लॉक, काँक्रीट हे त्यावरचे उपाय झाले. मागणी काय आहे ते धरून बसलं की उपाय निवडणं सोपं जातं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

पण आधी त्या आठ दिवसांचं बघू. मुदत रोलरला आहे, तो पुढच्या कामावर जाणार. तुमच्या अंगणाला ती कुणी घातलेली नाही. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं दारात उभं राहून कुणी म्हणालं की आपल्याला वाटतं, संधी चाललीय. मी बांधकामाच्या देखरेखीत बरीच वर्षं काढली आहेत, आणि या घाईत झालेली कामं पुन्हा उखडताना अनेकदा पाहिली आहेत.

'उरलेला माल' हा शब्द मला दोन्ही बाजूंनी खटकतो. तो माल रस्त्यासाठी मोजून आणलेला असतो आणि पैसा लोकांचा असतो. डंपर रोज उरत असेल तर रस्त्याची जाडी कुठंतरी मारली जातेय, एवढा अर्थ त्यातून निघतोच. दुसरी बाजू तापमानाची. प्लांटमध्ये खडी आणि डांबर साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला एकजीव होतात. पसरताना माल १४० अंशांच्या आसपास हवा, आणि तो ९० अंशांच्या खाली उतरायच्या आत रोलरची दबाई संपलेली हवी. उरलेला माल नेहमी शेवटी उरतो, म्हणजे रस्ता उरकल्यावर, संध्याकाळी. तोवर डंपरमधल्या ढिगाचं पोट गरम असलं तरी कडा गार झालेल्या असतात. तुमच्याकडं तो पातळ थरात पसरणार, आणि पातळ थर तर बघता बघता निवतो. गार मालावर कितीही रोलर फिरवा, खडीच्या मधल्या फटी मिटत नाहीत. वरून काळंभोर दिसतं, म्हणून त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. त्या फटींतून पाणी शिरतं, खडी आणि डांबराच्या मध्ये जाऊन बसतं, आणि खडी सुटते.

हे मी घरात भोगलंय. साताऱ्यात माझ्या माहेरी अशाच उरलेल्या मालानं अंगण झालं. मे महिन्यात काम झालं, गणपतीपर्यंत छान राहिलं. दिवाळीला मी गेले तेव्हा भावाची मुलं अंगणातून चिक्कीसारखे तुकडे उचलून खेळत होती. मी एक तुकडा उलटा केला. खालच्या बाजूला करंजाची वाळलेली पानं आणि फरशीवर आखायच्या खडूचा एक तुकडा चिकटलेला होता. म्हणजे डांबर टाकायच्या आधी अंगण झाडलंसुद्धा नव्हतं. धुळीवर डांबर धरत नाही. खाली साफ करून पातळ डांबराचा हात द्यावा लागतो, मगच वरचा थर चिकटतो. तो ठेकेदार त्यानंतर कधी फोनवर सापडला नाही. आणि आमच्या माहेरच्या अंगणाखाली निदान मुरूम होता. तुमच्याकडं काळी माती आहे.

तुमच्या प्रश्नातली मोठी गोष्ट ही माती आहे, आणि तिघांपैकी एकानंही तिचं नाव काढलेलं नाही. कृष्णाकाठच्या ज्या मातीत ऊस आणि हळद पिकते ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. आत्ता मे महिन्यात अंगणात जाऊन बघा, बोट जाईल एवढ्या भेगा असतील. त्या भेगाळलेल्या मातीवर इंचभर डांबर अंथरलं, तर पहिल्या पावसात ती फुगणार, पुढच्या उन्हाळ्यात आक्रसणार, आणि डांबराची चादर तिच्याबरोबर वर-खाली होत चिरणार. ब्लॉक घातले तर ते खचून लाटा उठणार. काँक्रीट घातलं तर मोठ्या चिरा पडणार. मातीचं काही न करता वरचं काहीही घाला, दोन-तीन वर्षांत हे वाद पुन्हा याच क्रमानं होतील.

म्हणून जिथं गाड्या फिरणार आणि उभ्या राहणार, तिथली काळी माती फूट-दीड फूट काढावी लागेल. तिथं चांगला मुरूम भरायचा, एकदम नाही, सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. त्यावर खडीचा तीन इंची थर, त्याच्या फटींत बारीक खडी आणि मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा दबाई. मोठा रोलर फाटकातून येणार नाही, बेबी रोलर सांगा. भिंतीच्या कडेला तोही पोचत नाही, तिथं प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन ठोकून दाबणारं हाताचं यंत्र लागतं. खर्चाचा बराच वाटा इथं जाईल. काम झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ठेकेदार काटछाट करतात ती इथंच. भराव टाकून उंची वाढवू नका, खोदून मगच भरा. अंगण जोत्याच्या जवळ आलं तर पावसाचं पाणी अभ्यासिकेत शिरेल. समोरचा रस्ता दर थराबरोबर उंच होतोय हेही ध्यानात ठेवा. सांगलीत कितीतरी जुनी घरं अशीच हळूहळू रस्त्याच्या खाली गेली आहेत.

आता डांबराबद्दल. यजमानांची कल्पना वाईट नाही, फक्त ती सगळ्या अंगणाला लागू होत नाही.

डांबर हा शब्द आपण सरसकट वापरतो. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा उगम दगडी कोळशाच्या डांबरात आहे. रस्त्यावर आज पडतं ते खनिज तेल शुद्ध करताना तळाला राहणारं बिटुमेन. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल ही त्याची भावंडं, त्यामुळं ती सांडली की त्या जागी डांबर विरघळून मऊ पडतं. चाळीस दुचाक्यांत चार-पाच गळक्या असणारच. शिवाय उष्णता आहे. रस्त्यांना सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू मानकाप्रमाणे किमान ४७ अंश असतो. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंशांवर गेली की उन्हातला काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो. तरी रस्ता वाहून जात नाही, कारण भार खडीवर खडी तोलते आणि डांबर तिला धरून ठेवतं. वरून चाक सरकन निघून गेलं की काही बिघडत नाही. तेच ओझं एका जागी तासन् तास उभं राहिलं की डांबर सावकाश दबत जातं. थोडक्यात, डांबराला चालतं चाक चालतं, उभं चाक सोसत नाही.

त्यातही दुचाकीचा साइड स्टँड फार वाईट. त्याचं टोक दोन बोटांएवढं, आणि कललेल्या गाडीचं ओझं त्यावर. सकाळी आठला मुलगा गाडी लावून आत जातो. दुपारी दोनला स्टँड अर्धा इंच रुतलेला असतो, गाडी हळूहळू कलते आणि शेजारच्या चार गाड्या घेऊन आडवी होते. अशा जागी सगळीकडं रुपयाच्या नाण्याएवढे खळगे दिसतात, आणि पहिल्या पावसात प्रत्येक खळग्यात पाणी. तेव्हा दुचाक्यांच्या जागेवर डांबर नको, हे मी ठामपणे सांगते. तिथं तुमच्या दिरांचं बरोबर आहे. ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक, खाली दीड इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), कडेनं पक्का कर्ब, म्हणजे काँक्रीटची किंवा दगडी कड. कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेरच्या बाजूला सरकत जातात. पुढं कधी पाण्याची पाइप गळली तर चार ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात, हा फायदा रोज राहणाऱ्या माणसालाच कळतो.

फाटकापासून शेडपर्यंतच्या वाटेवर मात्र चाकं फिरती आहेत. तिथं डांबर चांगलं काम देतं. पाय घसरत नाही, चाकाचा आवाज येत नाही, आणि निवलं की दुसऱ्या दिवशी ये-जा सुरू. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारत बसावं लागतं आणि गाड्या त्याहून जास्त दिवस बाहेर ठेवाव्या लागतात. परीक्षेच्या हंगामात अभ्यासिका तेवढे दिवस अडवणं अवघड. तेव्हा डांबराची ही बाजू खरीच आहे. एक पथ्य पाळा. नव्या डांबरावर मोटार उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका, चाकाखाली खडी उपटली जाते. आणि कडा मोकळ्या सोडू नका. दोन्ही बाजूंनी दगड किंवा कर्ब असेल तरच डांबराची कड टिकते.

अडचण आकाराची आहे. साठ बाय बारा म्हणजे ७२० चौरस फूट. दाबून ४० मिलिमीटर जाडी धरली तर सहा-सव्वासहा टन माल लागेल. एवढ्यासाठी प्लांटवाला वेगळी गाडी सोडायला नाखूष असतो, मग 'उरलेला' पुढं येतो. यावर चांगला उपाय म्हणजे गल्लीतल्या दोन-तीन घरांनी किंवा जवळच्या एखाद्या सोसायटीनं मिळून एकाच दिवशी काम काढायचं. डंपर भरून ताजा माल येतो, रोलरचं भाडं वाटलं जातं. असं कुणी जमलं नाही, तर वाटेवरही ब्लॉकच घाला, फक्त तिथं ८० मिलिमीटर जाडीचे. हट्टानं थोड्याशा मालाचं डांबर करून घेऊ नका.

आणि हे सगळं मिरगाच्या आत उरकायचं नाही. या उन्हाळ्यात फक्त खालचं काम करून घ्या: माती काढणं, मुरूम, खडी, दबाई, पाण्याचा निचरा. तेवढ्यानंही यंदाचा राडा थांबेल, कारण राडा मातीचा होतो, खडी-मुरुमाचा होत नाही. सासऱ्यांना चालायला दारापासून फाटकापर्यंत खडबडीत शहाबादी फरशीची एक ओळ आत्ताच टाकून घ्या. मग एक पावसाळा त्या खडीवर गाड्या फिरू देत. जिथं खचायचंय तिथं खचेल, पाणी कुठं साचतं ते दिसेल. दिवाळीनंतर त्या जागा भरून, पुन्हा रोलर फिरवून, कोरड्या हवेत वरचा थर घाला. पैसेही दोन वेळा विभागून जातील. यजमानांना हे पटायला सोपं जाईल असं मला वाटतं, कारण डांबराला 'नाही' म्हणायचं नाहीये, त्याला सहा महिने थांबायला सांगायचंय.

लिंबाचं. सासऱ्यांची भीती अर्धी खरी आहे. वाटेवर डांबर पडल्यानं लिंब जळणार नाही. पण बुंध्यापर्यंत डांबर नेलं, तर मुळांना हवा आणि पाणी मिळणं बंद होईल. त्याहून मोठा धोका खोदाईचा आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. वर सांगितलेली फूट-दीड फुटाची खोदाई झाडाजवळ केली, तर जाड मुळं तुटतील आणि दोन वर्षांनी वादळात झाड पडेल. बुंध्यापासून किमान सात-आठ फूट जेसीबी नको. तेवढी जागा मोकळी ठेवा, वर सुटी खडी पसरा, दबाई नको. त्या वर्तुळात सासऱ्यांची खुर्ची राहील. (घरातलं कुणी 'लिंबच काढू' म्हणालं तर सांगून ठेवते, शहरात झाड तोडायला १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.) आणि विचार फक्त झाडाचा नाही. खिडकीसमोरचं सगळं अंगण काळं केलंत तर एप्रिल-मेमध्ये रात्री नऊपर्यंत त्याची धग अभ्यासिकेत येईल. तो लिंब आणि त्याच्याखालची उघडी जमीन मुलांना आत्ता फुकटात गारवा देतेय.

एक गोष्ट विचारते, रागावू नका. सासऱ्यांना मातीच हवी आहे, की त्या मातीवर सकाळी पडणारा सडा हवा आहे? तुमच्या सासूबाई कदाचित तिथंच सडा-रांगोळी करत असतील. माणूस कधीकधी कारण झाडाचं देतो आणि मनात दुसरंच काही असतं. विचारून बघा. दारापुढची चार बाय चार फूट जागा शेणसड्याला सोडणं कुठल्याही नकाशात बसतं.

आता उताराचं, कारण वरचं सगळं बरोबर केलं आणि उतार चुकला तर फुकट. दहा फुटांना दोन ते अडीच इंच उतार हवा, घरापासून लांब. फाटकाच्या आत आडवी गटार आणि तिच्यावर लोखंडी जाळी, तिथून पाइपनं पाणी बाहेर. पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीला सोडू नका, आणि डांबर किंवा ब्लॉक महापालिकेच्या गटारीवर नेऊ नका, ती कधीतरी उपसायला उघडावी लागते. वरचा थर पडायच्या आधी वाटेखालून दोन रिकाम्या पीव्हीसी पाइप आडव्या टाकून ठेवा. उद्या सीसीटीव्हीची वायर किंवा नवी नळजोडणी आली की कुणी तुमचं ताजं अंगण फोडणार नाही.

दिवाळीनंतर ठेकेदार बोलवाल तेव्हा दर चौरस फुटाचा सांगेल. त्या दरात जाडी लपलेली असते. 'दाबून झाल्यावर किती मिलिमीटर' हे कागदावर घ्या, पसरतानाची जाडी ऐकून घेऊ नका. बिल घ्या. पैसे टप्प्यानं द्या: मुरूम दाबून झाल्यावर, खडी झाल्यावर, शेवटचे एक पाऊस बघून देता आले तर उत्तम. माल उतरताना तुम्ही स्वतः उभ्या राहा. निळसर धूर निघत असेल तर माल जास्त तापवलाय, डांबर करपलंय. ढेकळं पडत असतील, रंग निस्तेज असेल, तर गार झालाय. दोन्ही वेळा डंपर परत पाठवायचा अधिकार तुमचा आहे. ठेकेदाराकडं मालात खुपसायचा थर्मामीटर असायला हवा, तो काढायला लावा. बाईमाणसानं आकडा विचारला की गडबडायला होतं त्यांना, तरी विचारा.

आणखी काही वाचकांसाठी इथंच लिहिते, कारण सोसायट्यांकडून आणि मंगल कार्यालयांकडून हाच प्रश्न येतो. मोठ्या पार्किंगला डांबर स्वस्त पडतं हे खरं. पण जिथं रोज वाहतूक नसते तिथलं डांबर ओझ्यानं कमी आणि ऊन-हवेनं जास्त मरतं. ते राखाडी पडतं, ठिसूळ होतं, खडी सुटायला लागते. दर मे महिन्यात चिरा बघून डांबरानं भरून घ्या, पावसाळा चिरेतूनच आत जातो. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर इकडच्यांनी तर जास्तच जपावं. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. असं पाणी कित्येक दिवस उभं राहिलं की डांबराखालचा मुरूम भिजून लापशीसारखा होतो. वरचं डांबर मात्र शाबूत दिसतं. पूर ओसरल्याबरोबर त्यावर मोटार किंवा टेम्पो घालू नका, खालचं सुकायला काही दिवस द्या. फार मोठं नुकसान त्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत होतं. पुराच्या पट्ट्यात मी स्वतः डांबरापेक्षा ब्लॉक निवडेन, उचलून खालचं दुरुस्त करता येतं म्हणून.

ताई, या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसाला नम्रपणे 'यंदा नको' सांगा. मग रविवारी वीस-पंचवीस फुटांची पारदर्शक नळी आणा, तिच्यात पाणी भरा, एक टोक यजमानांच्या हातात जोत्यापाशी आणि दुसरं तुमच्या हातात धरून टप्प्याटप्प्यानं फाटकापर्यंत या. गवंडी अशीच लेव्हल काढतात. प्रत्येक टप्प्याचे आकडे सासऱ्यांना वहीत लिहायला सांगा. पहिला वळीव येईल तेव्हा छत्री घेऊन पाच मिनिटं अंगणात उभ्या राहा आणि पाणी कुठून कुठं जातं ते त्याच वहीत काढा. ती वही समोर ठेवून चौघं बोला, दिरांना फोनवर घ्या. आणि लोखंडी फाटक आत उघडत असेल, तर त्याच्याखाली किती बोटं जागा आहे ते आजच मोजून ठेवा. वरचा थर चढल्यावर फाटक अडकल्याचं बहुतेकांना काम झाल्यावर कळतं.